जॉनरावांची म्हैस

दत्तूमामांची चंद्री ही कोल्हापुरातली बहुधा एकमेव म्हैस असेल, जी गोष्टीत गोळीबार सुरू झाला की दूध चोरते. प्रेमाचा प्रसंग आला की मात्र झकास पान्हा सोडते.

हे मी ऐकीव सांगत नाही. रोज संध्याकाळी आम्ही चारपाच गिऱ्हाइकं आपापला पेला घेऊन मामांच्या दारात उभी असतो. मामा उकिडवे बसतात, चंद्रीच्या पोटाला डोकं टेकतात, आणि पहिल्या धारेबरोबर त्यांची कादंबरी सुरू होते. कादंबरी अमेरिकेतली. दीडशे वर्षांपूर्वीची. घोडे, पिस्तुलं, सोन्याच्या खाणी, सगळा माल. कागदावर एक ओळ नाही.

"लिहून काढा की मामा," मी एकदा म्हणालो.

"कशाला? चंद्रीला वाचाय येतंय व्हय?"

तरुणपणी मामांनी इंग्रजी सिनेमे पोटभर पाहिलेले. भाषा कळायची नाही, म्हणून गोष्ट आपली आपण लावायची सवय लागली. पण सिनेमातलं वाळवंट त्यांना कधीच पटलं नाही. "तितं म्हस जगंल काय? डुंबाय पाणी कुठनं आणायचं?" म्हणून त्यांनी आपला नायक उचलला आणि पार वर उत्तरेला, सहा महिने बर्फ असतो तिथे नेऊन सोडला. "बर्फ म्हंजे पाणीच की. उन्हाळ्यात वितळतंय, म्हशी डुंबत्यात."

नायकाचं नाव जॉनराव. कमरेला दोन पिस्तुलं, अंगावर घोंगडं, पायात करकर वाजणाऱ्या कापशी चपला.

"मामा, बर्फात चपला?"

"वाजल्या की लांडगं लांब पळत्यात."

नायिका रोझी. ताठ मानेची, एकदा रुसली की रुसली. तिची एक लाडकी म्हैस. अमेरिकेतली, म्हणजे बायसन. एक शिंग खाली वाकलेलं, कपाळावर पांढरा चांद. रोझी तिची धार काढते म्हटल्यावर माझ्यातला वाचक माणूस उसळला. "मामा, बायसन रानटी असतो. त्याची कुणी धार काढत नाही."

"सायब, तुमी बघिटलाय बायसन?"

"नाही."

"मग गप ऱ्हावा की."

मी गप्प राहिलो. पण ते मला फार वेळ जमत नाही, हे पुढे दिसेलच.

मामांच्या घरात एक गंमत होती. मामा आणि हौसामामी एकमेकांशी बोलत नव्हते. मामींनी माहेराहून आणलेली सुंदरी म्हैस आटली, तेव्हा मामांनी ती त्यांना न विचारता वडगावच्या बाजारात विकून टाकली. तेव्हापासून अबोला. घरातला सगळा व्यवहार चंद्रीमार्फत. मामी खिडकीत तांदूळ निवडत ओरडायच्या, "चंद्रे, मालकाला सांग, भाकरी झालीया." मामा तिच्या कानात सांगायचे, "येतोय म्हणावं." चंद्री रवंथ करत दोन्हीकडचं ऐकून घ्यायची. आमच्या ऑफिसात इतका निःपक्षपाती शिपाई मी पाहिला नाही.

इकडे कादंबरी रुतून बसली. जॉनरावांनी कुंपणाचं फाटक उघडं टाकलं, रोझीची बायसन वादळात निघून गेली, रोझीने बोलणं टाकलं. जॉनराव आपले शोधतायत. हा डोंगर, तो डोंगर. आम्ही कंटाळलो. बाजारच्या दिवशी तर मामा पेंड आणायला म्हणून वडगावला जात आणि येऊन हमखास आणखी एक डोंगर पालथा घालत. पेंड आणायला जाताना खांद्यावर मोकळं दावं कशाला लागतं, एवढं विचारायची अक्कल मला झाली नाही.

अशाच एका बाजाराला मामांना उशीर झाला. मामीच धारेला बसल्या. चंद्री ढिम्म. मामी म्हणाल्या, "सायब, सांगा की फुडचं. त्याबिगर सोडायची न्हाय ही."

जन्मभर सरकारी टिपणं लिहिलेल्या माणसाच्या हाती कादंबरी आली! मी दोन मिनिटांत घोळ निपटला. बायसन लांडग्यांनी खाल्ली. जॉनरावांनी दुसरी आणली, पहिलीपेक्षा देखणी. रोझी सगळं विसरली. बर्फात मांडव घातला, हलगी लावली, लग्न उरकलं.

"लई भारी, सायब!" गिऱ्हाइकं खूश. चंद्रीनेसुद्धा पान्हा सोडला. मी कॉलर ताठ केली.

मामींचे हात मात्र थांबले. "दुसरी आणली, म्हून पयली इसरली?"

"मामी, जातिवंत होती हो दुसरी."

त्या उठल्या, अर्धी चरवी घेऊन आत गेल्या. तेवढ्यात मामा आले. खांद्यावर तेच मोकळं दावं. पेंड नव्हतीच. कुणीतरी उत्साहाने त्यांना लांडग्यांची आणि लग्नाची बातमी दिली.

"लांडग्यांनी खाल्ली?" मामा मटकन चंद्रीपाशी बसले. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली, आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला.

"न्हाय," मामा खिडकीला ऐकू जाईल असं म्हणाले. "ती दुसरी कुठली तरी हुती. सायबास्नी काय ठावं? जॉनराव आजबी बाजारात गेलता. ज्यानं घेतली, त्यानं फुडं इकली. त्यानं आनि फुडं. न्हाय घावली." त्यांना खोकल्याची उबळ आली.

"बर्फात कुठला बाजार?" एकाने विचारलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. त्या दिवसातलं माझं एवढंच शहाणपण.

खिडकीतून आवाज आला. "घावंना झालीया, तर त्यानं तिला तोंडानं सांगावं की. किती हिंडायचं असल्या थंडीत?"

"भ्या वाटतंय त्येला."

"का? कमरंला दोन पिस्तुलं हायत न्हवं?"

"रोझीफुडं चालत न्हाईत ती."

आत भांडं वाजलं. मग दाराच्या फटीतून एक लोकरी मफलर बाहेर आला, आणि मामींचा आवाज. चंद्रीचं नाव त्यात नव्हतं.

"अवो, कानाला गुंडाळा आनि आत या. च्या ठेवलाय."

मामा उठले. चंद्री भरल्या कासेने वळून बघत राहिली, आम्ही रिकामे पेले घेऊन उभे राहिलो. मामांनी दावं बाहेरच्या खुंटीला अडकवलं, आणि जॉनरावांना भर बर्फात तसंच सोडून आत गेले.