सरवात साडेसहाच्या गळ्याबाबत

वस्तू सैल झाली की ती घट्ट करता येते, किंवा सैल कशाला म्हणायचे हे ठरवणारी समिती नेमता येते. पहिल्या उपायाला हत्यार लागते, दुसऱ्याला चहा. सुसंस्कृत संस्था दुसरा उपाय पत्करतात.

सौदी अरेबियातल्या खमीस मुशैतजवळच्या एका नेमबाजी क्लबच्या काडतूस विभागात त्या सकाळी पुढील गोष्टी होत्या: वापरलेल्या पितळी पुंगळ्या चारशे बारा. पुंगळीचा गळा आवळणारी डाय एक. मायक्रोमीटर एक. खुर्च्या नऊ, बसणारी माणसे दोन. अध्यक्षांचे फोटो तीन, त्यांतला एक दारूच्या डब्यावर (दारू काडतुसात भरायची, दुसरी या देशात मिळत नाही). सैल गळ्याच्या पुंगळ्या चारशे बारा.

शेवटचा आकडा उमैरचा. हा राजापूरचा, फिजिक्समध्ये एमएस्सी. मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एरवी त्याच्याविरुद्ध तक्रार नव्हती.

काडतूस होते ‘सरवात साडेसहा’: सरवात हे तिथल्या डोंगरांचे नाव, साडेसहा मिलिमीटर ही गोळीची जाडी. जगातला कोणताही कारखाना ते बनवत नाही. बंदूकवाले अशा काडतुसाला रानमांजर म्हणतात, कारण ते कुणी पाळलेले नसते. दुसऱ्याच काडतुसाची पुंगळी घ्यायची, तिचा गळा आवळून आपल्या आवडीच्या गोळीच्या मापाचा करायचा, आणि त्याला नाव द्यायचे. इथे आवड अध्यक्षांची होती. माप त्यांनी एका मेजवानीत बोटांनी दाखवले होते, आणि त्यावरून डाय परदेशातून करून आणली होती.

बिघाड साधा होता. पितळ वारंवार उडवले आणि आवळले की कडक होते, आणि डायमधून बाहेर पडल्यावर स्प्रिंगसारखे थोडे उघडते. मग गोळी गळ्यात धरून राहत नाही; बोटाने फिरते, अंगठ्याने आत जाते. आत गेली की दाब वाढतो, आणि नेमबाजाचा गाल बंदुकीला टेकलेला असतो. उमैरने उपाय सुचवला: गळे तापवून नरम करावेत आणि डायमध्ये जरा लहान कडी बसवावी.

व्यवस्थापक उमाकांत सरांनी ते नीट ऐकून घेतले. नाशिकचा हा गृहस्थ आखातात अठरा वर्षे टिकला होता, आणि इतकी वर्षे काहीही नीट ऐकून न घेता टिकता येत नाही.

“लहान कडी म्हणजे आत्ताची मोठी आहे?”

“हो सर.”

“आणि आत्ताची कुणाच्या मापाची आहे?”

उमैरने दारूच्या डब्यावरच्या फोटोकडे पाहिले.

“अरे बाबा, फिजिक्सवाला ना तू? सापेक्ष हा शब्द तुला मी शिकवू? गळा सैल नाही. गोळी संकोची आहे.” मग त्यांनी आठवण करून दिली की उमैरचा इकामा (या देशात राहण्याचा परवाना) नूतनीकरणासाठी आपल्याच खणात आहे आणि तो खण जरा अडकतो.

याच सुमारास सौदीकरणाचा रंग आला. कामगारांत सौदी किती टक्के, त्यावरून प्रत्येक संस्थेला रंग मिळे. हिरव्याला व्हिसा मिळत, पिवळ्याचे अडत. क्लब पिवळा होता. म्हणून काडतूस विभागात फहद नावाचा सौदी तरुण नेमण्यात आला, आणि क्लब हिरवा झाला. त्याने घरी राहावे, पगार बँकेत जाईल आणि कामात व्यत्यय येणार नाही, असे त्याला प्रेमाने सांगण्यात आले. या पद्धतीत कार्यक्षमता शंभर टक्के राहते, कारण माणूस चुका करायला जागेवर नसतो.

फहद कामावर आला.

क्लबच्या इतिहासात असे घडले नव्हते. चौकीदाराने त्याला पाहुणा समजून खजूर दिले. उमाकांत सरांनी त्याला आधी अध्यक्षांच्या खोलीत, मग ग्रंथालयात (पुस्तके: दोन) आणि शेवटी उन्हात बसवून पाहिले. तो परत येत राहिला. परदेशात इंजिनिअरिंग शिकलेला हा मुलगा अजून सुधारलेला नव्हता.

उमैर पेचात पडला. शिकवावे तर आपली जागा जाते, न शिकवावे तर त्या जागेत आपण काय करतो हा प्रश्न उरतो. त्याने शिकवले. फहदने पहिलीच पुंगळी हातात घेऊन गोळी बसवली, बोटाने गरगर फिरवली आणि तो म्हणाला, “या अखी (अरे भावा), हे तर वॉशिंग मशीन आहे.”

प्रकरण समितीपुढे गेले. चहाच्या तिसऱ्या फेरीत समितीने नवी तपासणी मंजूर केली: काडतूस सपाट टेबलावर उभे ठेवावे. टेबल हलवू नये. गोळी पडली नाही तर गळा घट्ट. (गोळीस बोट लावणे हा तपासणीत हस्तक्षेप समजला जाईल.) उत्तीर्णांचे प्रमाण शून्यावरून शंभर टक्क्यांवर गेले; इतकी सुधारणा गळे तापवून झाली असती याचा पुरावा नाही.

सगळे गळे घट्ट असल्याच्या दाखल्यावर फहदने सही नाकारली. त्याला पगारवाढ देऊन सन्मानाने घरी पाठवण्यात आले. रंग हिरवा राहिला. जाताना तो उमैरला म्हणाला, “मला न येण्याचे पैसे देतात, तुला न बोलण्याचे. तुझं काम जास्त अवघड आहे.”

दाखला आता उमैरच्या सहीसाठी आला. घरी त्याची बायको सादिया भाकऱ्या थापत होती. “आपल्या झोयाच्या शाळेनं बापाच्या इकाम्याची झेरॉक्स मागितलीय,” ती म्हणाली. “नसेल तर नाव काढतील म्हणे. सही कर नि मोकळा हो. बंदूक तुला मारायचीय का?”

“मारणाऱ्याचा डोळा जाईल.”

“तो श्रीमंत आहे.”

उमैरने सही केली. खण लगेच उघडला.

स्पर्धेच्या दिवशी अध्यक्ष स्वतः उतरले. स्वभावाने साधा माणूस. डाय बदलायला हवी असे कुणी सांगितले असते तर त्यांनी ती बदलली असती. त्यांच्या आयुष्यात तसे कुणी काही सांगितलेले नव्हते. त्यांनी एक काडतूस उचलले, सहज गोळीला बोट लावले. गोळी फिरली. त्यांनी उमैरकडे पाहिले.

“हे सैल आहे का?”

विचारले उमैरला होते, आणि अगदी सरळ. उमाकांत सर तंबूच्या दुसऱ्या टोकाला होते. इकामा खिशात होता.

“ताल उम्रक,” उमैर म्हणाला, म्हणजे आपल्याला दीर्घायुष्य लाभो. “घट्ट आहे.”

इथे वाचकाला उमैरचा राग येईल. तो रास्त आहे. मात्र राग व्यक्त करण्यापूर्वी वाचकाने आपला इकामा (आपल्या गावात त्याला जे काही म्हणत असतील ते) टेबलावर ठेवावा, टेबल हलवू नये, आणि आपल्या साहेबांना गेल्या वर्षभरात आपण काय काय घट्ट असल्याचे सांगितले ते आठवावे.

अंतर शंभर मीटर. झाडलेल्या गोळ्या दहा. लक्ष्यावर सहा. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर अठ्ठेचाळीस सेंटीमीटर. अध्यक्षांच्या उजव्या भुवईवर टाके तीन. टाळ्या वाजवणारे, उमैर धरून, दोनशे चौदा.