अळ्यांची जीप

लीलाधरला अळीचं दुखणं कळत होतं, बायकोचं नाही, ही द्रौपदाबाईंची पहिली तक्रार. दुसरी, असला माणूस आपल्याच पोटचा निघावा.

सोनगीरजवळच्या सरकारी कीड-केंद्रात तो बोंडअळ्या पाळी. अळीला जंतू टोचायचे आणि तिचं रक्त भिंगाखाली बघायचं, ही नोकरी. घरातही कचेरीची भाषा बोले. "आई, जंतू शिरला की अळीच्या रक्तातल्या पेशी धावतात. एकटा सापडला तर गिळतात. झुंड असली तर सगळ्या मिळून तिला चिकटतात, गाठ करतात, गाठ काळी पडते. आत जंतू खलास."

"कोणले इचारीसन धावतस त्या?"

"कोणालाच नाही."

"मंग त्या सरकारी नहीत."

त्याच आठवड्यात सुनेच्या, भागाबाईच्या तळहातात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचं काटूक मोडलं. हात सुजला. लाल रेघ मनगटावर चढली. लीलाधर म्हणाला, मान्यताप्राप्त डॉक्टरलाच दाखवायचं. त्या डॉक्टरची बदली झालेली. नवा हजर होईपर्यंत दुखणं स्थगित ठेवावं, असं कचेरीचं मत पडलं. रेघेला ते कोणी कळवलं नाही. ती कोपरापर्यंत आली.

मग त्याने जीप मागितली. केंद्राचे रतिलाल साहेब म्हणाले, "जीप नमुन्यांसाठी आहे, माणसांसाठी नाही." लीलाधरने डोकं चालवलं आणि बायकोची नोंद नमुना म्हणून केली. साहेबांनी पाठ थोपटली.

जीप धुळ्याला निघाली. पुढच्या सीटवर ओल्या फडक्यात अळ्यांचे डबे. मागे तापाने फणफणलेली भागाबाई, लीलाधर आणि द्रौपदाबाई. दवाखाना आला. दवाखाना गेला.

"नमुना प्रयोगशाळेतच उतरवावा लागतो, आई. तिथून पुढे पाठवतील."

द्रौपदाबाईंनी मागून वना ड्रायव्हरची मानगूट धरली. जीप थांबली.

दवाखान्यात रांग. सुनेचा हात बघून सगळे हळहळले; जागचं कोणी हललं नाही. "रांगेनं या, अक्का." अक्का कोपरं मारत आत घुसल्या. डॉक्टरांनी चिरा दिला, पू काढला. म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर हात गेला असता.

बाहेर लीलाधर कपाळ धरून बसला होता. "वाटेत नमुना उतरवला. खुलासा मागतील गं."

"तू जर अळीना रगतमा ऱ्हाता ना, लीलाधर," द्रौपदाबाई कडाडल्या, "ते जंतू तोंडम्होरे उना तरी साहेबना हुकूमनी वाट देखत बठता. अळी मरी जाती!"

रांग खदखदून हसली.

"आनि ह्या हासी ऱ्हायनात ना, त्या सगळा तुनाच भाऊ शेतस."