बुडालेल्या साळिंदराचं बीळ

एका जंगलात, मुलांनो, एक मोठं तळं होतं. तळ्याच्या मधोमध बेट, आणि बेटावर सिंहमहाराजांचा तुरुंग. सुसरबाई तिथल्या मुख्य पहारेकरी. इथून कोणी सुटत नाही, असं त्या येईल-जाईल त्याला सांगत.

रखमाजी नावाच्या साळिंदराला तिथं टाकलं होतं. गुन्हा एवढाच, की पाणवठा फक्त दरबाऱ्यांसाठी का, असं त्यानं भर सभेत विचारलं. एका दुपारी सुसरबाई जबडा उघडा टाकून उन्हात पेंगल्या. रखमाजीनं केळीचे दोन खांब वेलीनं बांधले, त्यावर पोट टेकलं आणि पाय मारत मारत काठ गाठला. तिथून तडक घरी.

"आता काही दिवस बिळाबाहेर पडू नका," त्याची बायको येसाबाई म्हणाली.

इकडे वडाखाली चर्चेला ऊत आला. तळ्याकाठी एक काटा सापडला होता. बगळेगुरुजी म्हणाले, "बुडाला. काटा किती ओला आहे ते बघा." कोल्होबा म्हणाले, "छे, तो डोंगरापलीकडे राजा झालाय. माझ्या मेव्हण्यानं त्याचा मुकुट पाहिला." दोघांनाही शिष्य मिळाले. शिष्यांची मारामारी झाली. बिळात पडल्या पडल्या रखमाजीच्या कानावर हे सगळं येई. राजा झाल्याचं ऐकून त्याला जरा बरंही वाटे.

शेवटी महाराजांनी बगळेगुरुजींचं मत मान्य केलं. कैदी बुडाला, सबब त्याचं बीळ रिकामं करून तिथं गुरुजींचं संशोधन केंद्र काढावं, असा हुकूम सुटला.

रखमाजीला वाटलं, या थंडीत येसाबाई कुठं जाणार? ती नको नको म्हणत असताना तो सभेत जाऊन उभा राहिला.

"मी बुडालो नाही. मी रखमाजी. हा इथं उभा आहे."

"हे तिसरं मत झालं," बगळेगुरुजी शांतपणे म्हणाले. "पुरावा?"

"मीच की."

"तुमचा या विषयाचा अभ्यास आहे का?"

महाराजांनी सुसरबाईंना विचारलं, "हा तुमचा कैदी?"

कैदी जिवंत सुटला म्हटलं, तर नोकरी जाणार. सुसरबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाही महाराज. आमचा उंच होता."

"आणि चेहऱ्यावर तेज होतं," कोल्होबांनी भर घातली.

रखमाजी काटे फुलवून पुढं सरकला, तोच येसाबाई मध्ये आली.

"महाराज, हे माझे धाकटे दीर. भावाच्या दुःखानं यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. बिळाचे वारस आता हेच."

महाराजांनी बीळ दिरांच्या नावे केलं. रखमाजीनं बोलायला तोंड उघडलं. येसाबाईनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्यानं ते मिटलं.

आता दरवर्षी तळ्याकाठी त्याची पुण्यतिथी होते. बिळाचे नवे मालक म्हणून रखमाजीला पहिल्या रांगेत बसवतात. भाषणं ऐकताना त्याचे डोळे खरोखरच भरून येतात. इतका थोर साळिंदर आपल्याला भेटायला हवा होता, असं त्याला वाटतं.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरंच बोलावं. ते कोणी मानत नाही, त्यामुळे त्यात धोका नसतो.