सावंतसाहेबांचे मासे

मालवणी माणूस आणि मासे खात नाही, असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. मीही काढलं होतं. पण आमचे सावंतसाहेब खरंच खात नसत. कँटीनमध्ये बांगड्याचा वास सुटला की ते आपला डबा उचलून बाहेर जायचे. कुणी फार छेडलं तर म्हणायचे, "ज्येंच्या वांगडा नोकरी करूची, त्येंकाच कसां खाव रे?"

ज्यांच्याबरोबर ते नोकरी करत होते, त्या होत्या चिलाप्या. पवईच्या तलावातून आणलेल्या.

नाहूर स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आमचा रसायनांचा कारखाना होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतेय. मी तिथे लॅबमध्ये होते आणि सावंत सेफ्टी ऑफिसर. कारखान्याचं आंबट सांडपाणी एका खड्ड्यात साठवायचं, चुना घालून निवळायचं आणि मागच्या नाल्यात सोडायचं, अशी पद्धत होती. सावंतांनी नाल्याच्या अलीकडे एक सिमेंटची टाकी बांधून घेतली, तीत मासे सोडले आणि सगळं पाणी त्या टाकीतूनच पुढे जाईल अशी सोय केली. मासे पोहत असले तर पाणी नाल्यात. मासे उलटे झाले तर व्हॉल्व बंद, मग साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप.

मी लॅबचा रिपोर्ट नेऊन दिला की ते चष्मा लावून वाचायचे आणि म्हणायचे, "बरां आसा गो बाय. पण आधी माशांका विचारूया." मला असला संताप यायचा. एमएस्सी काय मी चिलापीच्या हाताखाली काम करायला केलं होतं?

जेवण झालं की डब्याचं झाकण टाकीच्या कठड्यावर टकटक वाजवायचं, हा त्यांचा नेम. त्या आवाजाला मासे धडपडत वर यायचे आणि चपातीचे तुकडे खायचे. सगळ्यांना नावं होती. सगळ्यांत आधी येणारा आणि दुसऱ्याला खाऊ न देणारा तो मॅनेजर. शेपटी तुटलेली ती मावशी. आणि कितीही घाला, तोंड वाकडंच, ते अकाउंट्स.

बाकी सुरक्षेच्या बाबतीत ते देवालाही सोडत नसत. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. सावंतांनी भटजींच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, उदबत्त्या काढून घेतल्या आणि नारळ पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर नेऊन फोडायला लावला. पोरांनी हौसेने प्रेशर गेजच्या काचेवर हळदकुंकू फासलं होतं, ते स्वतःच्या रुमालाने पुसून काढलं. भटजी म्हणाले, "अहो, देवाचं आहे." सावंत म्हणाले, "देवाक दिसता हो, पण ऑपरेटराक काटो दिसूक व्हयो ना?"

तो ऑपरेटर म्हणजे कांबळे. साताऱ्याकडचा, तोंडाने फटकळ, राहायला कारखान्याच्या मागच्या वस्तीत, अगदी नाल्याला लागून. सावंत आणि कांबळे रोज दुपारी टाकीजवळ समोरासमोर बसून जेवायचे. कांबळेच्या बायकोची शेंगदाण्याची चटणी सावंत हक्काने मागून घ्यायचे. त्यांची स्वतःची बायको वारली होती, मुलगी बडोद्याला दिलेली. मुलुंडच्या खोलीत ते एकटेच. रविवारीसुद्धा कारखान्यात हजर असायचे. आम्ही म्हणायचो, काय मेली हौस या माणसाला.

भोपाळ झालं आणि सगळ्याच कारखान्यांमागे तपासणी लागली. आमच्याकडेही सरकारी इन्स्पेक्टर येणार होते, तेही गणपतीच्या तोंडावर. कोकणातल्या पोरांनी गावी जायची तिकिटं काढली होती आणि ओव्हरटाइमच्या भरवशावर घरी शब्द देऊन ठेवले होते. त्यात आदल्या दिवशी सावंत हेड ऑफिसला मीटिंगला गेलेले. इकडे चुन्याचा पंप बंद पडला. प्रॉडक्शन मॅनेजर देसाई म्हणाले, "थांबायचं नाही, माल आजच गेला पाहिजे." तसंच आंबट पाणी टाकीत आलं, तिथून नाल्यात गेलं आणि संध्याकाळपर्यंत एकूण एक मासा मेला.

देसाईंनी डोकं चालवलं. टाकी धुतली, नळाच्या पाण्याने भरली, ड्रायव्हरला पवईला पिटाळून तेवढेच मासे आणवले आणि सगळ्यांना बजावलं, "सावंतांना काही बोलायचं नाही." कुणी बोललं नाही. मीही नाही. नोकरी सगळ्यांनाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर टाकीपाशी आले, बरोबर सावंत, देसाई आणि मागे आम्ही सगळे. पाणी कसं नितळ, मासे कसे टवटवीत. इन्स्पेक्टर खूश झाले आणि त्यांनी सहीसाठी पेन काढलं. सावंत मात्र वाकून पाण्याकडे बघत राहिले. मग आमच्याकडे बघितलं, कांबळेकडे बघितलं. कांबळेने मान खाली घातली. सावंतांनी खिशातून झाकण काढलं आणि कठड्यावर टकटक केलं. मासे घाबरून तळाशी गेले, एकही वर येईना.

सावंत एरवी साहेबांशीही मालवणीतच बोलत. पण तेव्हा शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, हे माझे मासे नाहीत."

"अहो, मासे सगळे सारखेच," इन्स्पेक्टर हसले.

"तुम्हाला. तुम्ही तिकडच्या चुन्याच्या खड्ड्यातलं पाणी तपासा."

तपासलं, तर पाणी तसंच आंबट. पंप दुरुस्त होईपर्यंत कारखाना बंद ठेवा, असा हुकूम निघाला. ओव्हरटाइम बुडाला, गणपतीची वाट लागली. देसाईंना शिव्या घालायची कुणाची टाप नव्हती, म्हणून सगळ्यांनी सावंतांशी बोलणं टाकलं. "मेलेल्या माशांसाठी जिवंत माणसांच्या पोटावर पाय आणला," असं कांबळे सगळ्यांदेखत म्हणाला. कारखाना परत सुरू झाला तरी सावंत टाकीजवळ एकटेच जेवत बसलेले दिसायचे. नवीन मासे अजून झाकणाला ओळखत नव्हते.

मला राहवलं नाही. जाऊन विचारलं, "सही तर होतच होती, साहेब. गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"खरां सांगू, बाय? जरा वेळ गपच रवलंय," ते म्हणाले. "इन्स्पेक्टरान पेन काढल्यान होता. मनात इला, ह्येंका दुखवलंय तर माका कोण आसा? घराक गेल्यार माझ्याशी कोण बोलना नाय गो. जा काय बोलणां, ता हयच." मग नाल्यापलीकडच्या वस्तीकडे त्यांनी हात केला. "पण ता पाणी कांबळ्याच्या दारातसून जाता. त्येचां काय करू?"

माझे डोळे भरून आले, म्हणून उठले. पण जाता जाता रिॲक्टरपाशी कांबळेला गाठलं आणि हे सगळं त्याला शब्द न शब्द सांगितलं. तो गेजकडे बघत राहिला. "कळलं बाई, जा तुम्ही," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कांबळे डबा घेऊन टाकीजवळ आला आणि सावंतांच्या समोर मांडी घालून बसला. माफी वगैरे मागायची त्याची रीत नव्हती. चटणीचा डबा त्याने पुढे सरकवला.

"साहेब, या माशांना माझ्या हाताची सवय लावा."

"कित्याक?"

"पुढच्या गणपतीला तुम्ही गावाला जा. इतकी वर्षं गेला नाहीत. इथलं मी बघतो."

"आणि पाणी बिघाडला तर?"

"व्हॉल्व बंद करीन. देसाई आला तर त्याला पण सांगीन. मी आहे ना."

सावंतांनी मान हलवली, भाकरीवर चटणी घेतली आणि घास तोंडात घातला. मग किती तरी वेळ ते तोच घास चावत राहिले.

"तिखट जाला रे आज," शेवटी म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.