सुंदराईच्या अंगातली देवी

एका जंगलात, मुलांनो, उपासाची सक्ती कुणावरच नव्हती. फक्त माद्यांवर होती.

तिथे सुंदराई नावाची नीलगाय राहायची. उपास धरला की दुपारपर्यंत तिला दरदरून घाम फुटायचा. पाय लटपटायचे. डोळे फिरायचे. मग ती काहीबाही बरळायची. "झाडावर पाणी चढतंय," असं एकदा बरळली.

"अंगात आलं!" पंचांचे प्रमुख आप्पा कासव म्हणाले. ते दोनशे वर्षांचे होते, म्हणून त्यांना सगळं कळायचं. "देवी पावसाचं सांगतेय. उपास वाढवा!"

उपास वाढले. देवी रोज यायला लागली. लांबलांबचे प्राणी कौल लावायला आले.

सुंदराईची लेक ठमी मात्र नीट बघत होती. आईच्या तोंडात मोहाची गोड फुलं घातली, की देवी पळायची. मग आई ओशाळून विचारायची, "काय गं, पडले होते का मी?"

"आप्पा, देवी गोडाला का घाबरते?" ठमीने विचारलं.

"फार शिकलीस!" आप्पा गुरकावले. त्यांनी मोहाखाली रानडुकराचा पहारा बसवला.

आणि एका दुपारी सुंदराई आचके देत कोसळली. दातखीळ बसली.

"काय तेज आहे!" पंचांनी हात जोडले.

ठमीने रानडुकराला ढुशी दिली, मोहाची फुलं चुरगळली आणि रस आईच्या हिरड्यांना चोळला. आईने डोळे उघडताच ती तिला घेऊन पलीकडच्या जंगलात गेली. तिथे सुतारपक्षीण शस्त्रक्रिया करायची.

डॉक्टरिणीने सुंदराईला पुन्हा उपाशी ठेवलं. ठमी भडकली. "तुम्हीसुद्धा?"

"आमच्या उपासात रक्त तपासतात," डॉक्टरीण म्हणाली. थोड्या वेळाने तिने ठमीला बोलावलं. "पोटामागे स्वादुपिंड असतं. ते इन्सुलिन बनवतं. पोट रिकामं असलं की त्याने हात आखडता घ्यायचा. पण तुझ्या आईच्या स्वादुपिंडात हरभऱ्याएवढी गाठ आहे. ती कुणाचंच ऐकत नाही. इन्सुलिन सोडतच राहते. रक्तातली साखर तळाला जाते, मेंदू उपाशी पडतो आणि जनावर बरळतं."

"कुणाचंच ऐकत नाही?" ठमी म्हणाली. "आमच्याकडे अशांना पंच म्हणतात."

गाठ काढली. सुंदराई घरी आली. पुढच्या उपासाला तिला फक्त भूक लागली.

जंगलात हाहाकार झाला. पंचांनी देवीची शोकसभा भरवली.

"अहो, मी धडधाकट आहे की!" सुंदराई म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "शोकसभा चाललीय."

सभा संपल्यावर त्यांनी ठमीला हळूच बाजूला घेतलं. "ठमे, ती गाठ कुठाय गं?"

"डॉक्टरिणीकडे. बरणीत."

"घेऊन ये बाळ. इतके दिवस तीच तर बोलत होती."

आज त्या जंगलात गाठाईचं मोठं देऊळ आहे. गाठ अजून कुणाचं ऐकत नाही. पंच तिला फार मानतात.

तात्पर्य: मुलांनो, वडीलधाऱ्यांचा मान राखावा. त्यांनी गाठ मागितली तर देऊन टाकावी. आई मात्र परत देऊ नये.