नजरेपुढची जागा

तुमच्या घरी कुणी आलं, चहा नको म्हणालं, पाणीसुद्धा नको म्हणालं आणि चपला काढता काढताच "लग्नाचा अल्बम काढा बरं" म्हणालं, तर समजायचं अंबादासभाऊ आले. आमच्या नांदूरघाटात हे सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या सुना तेवढ्या घाबरतात. भाऊंना सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा जुना अल्बम हवा असतो हे त्यांना कुठं ठाऊक! त्यांना वाटतं, माहेरच्यांनी काय काय दिलं ते बघायला सासऱ्यांनीच कुणाला तरी धाडलंय.

भाऊ अल्बम मांडीवर घेतात. नवरा-नवरीकडं ढुंकूनही बघत नाहीत. अंगठा फोटोच्या कडेकडेनं फिरवायचा, डावी कड, उजवी कड, की पान उलटलं. अख्खं लग्न चहा उकळेपर्यंत उरकतात. मग अल्बम मिटून "फोटू बरे हायेत" म्हणतात आणि उठतात. फोटो त्यांनीच काढलेले असतात, दुसरं काय म्हणणार!

माझं शिलाईचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागून आहे. मधली भिंत एका विटेची, त्यामुळं माझं मशीन त्यांना ऐकू जातं आणि त्यांचा खोकला मला. दारावर 'शकुंतला फोटो स्टुडिओ' असा बोर्ड आहे. शकुंतला म्हणजे त्यांची बायको, आमच्या शकूवहिनी. त्यांच्याकडं येतेच मी, पण आधी या माणसाचं वेड सांगू द्या.

वेड एकच, चौकट. दोन्ही हातांची बोटं जोडून चौकोन करायचा, एक डोळा मिटायचा आणि त्यातून जग बघायचं. स्टँडवर लागलेली एसटी, हॉटेलातली भज्यांची परात, भांडणारे दोन भाऊ, काहीही. भांडण सोडवायला कधी गेले नाहीत. "जरा इकडं सरकून भांडा, मागं खांब येतोय" असं मात्र एकदा म्हणाले होते. दोघांनी मिळून यांनाच धरलं मग.

एक दिवस माझ्या दुकानात आले.

"मंदाताई, मशीन मधोमध कावून ठिवलं?"

"मग काय छपरावर ठेवू?"

"मधी देव बसतो. माणसानं जरा सरकून बसावं."

आणि खडू घेऊन माझ्याच फरशीवर फुल्ली-गोळ्याचा डाव आखला. दोन रेघा उभ्या, दोन आडव्या. रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं बोट ठेवून म्हणाले, "मुद्द्याची चीज इतं ठिवायची. नजर आपुन येऊन बसती. मधी ठिवली की नजर एकदा बघती अन् झोपी जाती." मी तोंड उघडायच्या आत मशीन ओढलंसुद्धा. त्या आठवड्यात उजेड माझ्या पाठीशी आला आणि मी एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. बाईनं माझा उद्धार केला. मी मशीन परत मधोमध आणलं. तेव्हापासून भाऊ रोज सकाळी दारावरून जाताना आत बघतात आणि "च्च" करतात. त्या "च्च"शिवाय माझं दुकान उघडल्यासारखं वाटत नाही.

दुसरा नियम नजरेचा. माणूस जिकडं बघतो तिकडं जागा सोडायची. "न्हाईतर त्याची नजर भिताडाला धडकती अन् माणूस कोंडल्यावानी दिसतो." ऐकायला छान आहे. पण हा नियम त्यांनी फॉर्मला लावायच्या फोटोलाही लावला. एका पोरीला तिरकं बसवलं, खिडकीकडं बघायला लावलं आणि नजरेपुढं भरपूर जागा सोडली. फॉर्म परत आला. तिचा बाप फोटो नाचवत दुकानात शिरला, "आरं, ह्यात पोरगी कमी अन् भिताड जास्त हाय की!" भाऊंनी दुसरा फोटो फुकट काढून दिला. तो मात्र रागानं इतका मधोमध काढला की पोरगी डोळे वटारून बघणारी देवीच वाटत होती.

आणि तिसरा नियम कापायचा. "चौकटीत कामाचं नसंल ते कापायचं. दया करायची न्हाई." त्यासाठी लोखंडी दांड्याचा मोठा कटर आहे. रिळाच्या काळात दिवसभर भिंतीपलीकडून खच्च, खच्च चालायचं. दर खच्चला मी दचकायची आणि सुई बोटात जायची.

फ्लेक्सची गोष्ट तर सांगायलाच हवी. आमच्याकडं वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे मधे एक मोठं डोकं आणि भोवती शुभेच्छुकांची डोकीच डोकी. गावातले एक होतकरू पुढारी अशीच डोक्यांची थप्पी घेऊन आले. भाऊ म्हणाले, "ही फ्लेक्स हाय का मतदारयादी? नजर बसंल कुटं?" पुढाऱ्यांना घाई होती. "तुमाला कळतंय ना, करा मग," म्हणून गेले. भाऊंनी मन लावून केला. कोपऱ्याकडं पुढाऱ्यांचा एकट्याचा चेहरा, दूरवर बघणारा. बाकी सगळं मोकळं आभाळ. खाली बारीक अक्षरात नाव. पहाटे चौकात लागला.

आता तुम्हीच सांगा, आमच्या भागात फ्लेक्सवर माणूस एकटा कधी येतो? आयुष्यात एकदाच, आणि तो त्याला बघायला मिळत नाही. सकाळच्या एसटीनं उतरलेल्या माणसांनी टोप्या काढल्या. खालची बारीक अक्षरं वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. शेजारच्या गावची चुलती दारातूनच "आरं माझ्या वाघा" म्हणून हंबरडा फोडत आत शिरली, आणि वाघ तोंडात ब्रश घेऊन मोरीतून बाहेर आला. चुलती तिथंच बसली, तिलाच पाणी पाजावं लागलं.

पुढारी तसेच फेसाळलेल्या तोंडानं स्टुडिओत. "बे अंबादास, जित्या माणसाला मारतो का!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "आजवर तुमच्या फ्लेक्सकडं कुणी टोपी काढून बघितलं व्हतं का?"

त्यानंतर फ्लेक्सचं काम बंद झालं. लग्नाची कामं ड्रोनवाली पोरं घेऊन गेली आणि बाकीचं मोबाइलनं. आता स्टुडिओत एक जुना बाक आहे आणि त्याच्या एका टोकाला भाऊ असतात. कधी मधे बसत नाहीत. लोक म्हणतात, बघा, बसतानासुद्धा नियम सोडत नाही. मला माहीत आहे, दुसरं टोक शकूवहिनींचं होतं.

शकूवहिनी म्हणजे भाऊंचा चालता-बोलता दिवा. लग्नाचे फोटो काढताना थर्माकोलची पांढरी पाटी धरून उभ्या राहायच्या, नवरीच्या तोंडावर उजेड पाडायला. नुसता उजेड पाडून थांबायच्या नाहीत. "अगं हस की, कर्ज फेडल्यावानी कावून उभी राह्यलीस?" माझ्या लग्नात मला अशाच म्हणाल्या होत्या, आणि माझ्या अल्बमात मी हसते ती त्याचमुळं. बोलण्याच्या भरात मात्र त्या पुढं सरकायच्या आणि फोटोच्या कडेला यायच्या. कधी हात, कधी पदर, कधी अर्ध्या वहिनी. मग घरी आल्यावर भाऊंचा कटर. खच्च! कापलेल्या पट्ट्या गोळा करून वहिनी चूल पेटवायच्या आणि मला ओरडून सांगायच्या, "मंदे, आज बी मीच चुलीत गेले बघ!" आम्ही दोघी पोट धरधरून हसायचो.

लेकरूबाळ नव्हतं. पोटात दुखायचं निमित्त झालं आणि बीडला नेता नेता वहिनी वाटेतच गेल्या. मोबाइलवर फोटो काढायचे दिवस अजून यायचे होते.

गावात कुणी गेलं की हार घालायचा फोटो भाऊच करायचे. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून म्हातारी अलगद कापून काढायची, मागं निळं आभाळ लावायचं. घराघरांत त्यांच्या हातची माणसं भिंतीवर आहेत. आणि त्यांच्या स्वतःच्या घरी तेराव्याला पाटावर काय होतं, तर वहिनींचं मतदानकार्ड. त्यावरचा फोटो म्हणजे काळा डाग आणि त्यात दोन डोळे. वहिनींची सख्खी बहीण म्हणाली, "ही कोण बाई?" भाऊंनी ते कार्ड उचललं आणि आत नेऊन ठेवलं. हार नुसत्या पाटावर राहिला.

पुढं कधीतरी मी न राहवून विचारलं, "भाऊ, आयुष्यभर लोकांचे फोटो काढलेत. वहिनींचा एकपण नाही?"

"काढणार व्हतो की. ती म्हणायची, काढा ना एक. मी म्हणायचो, जरा उजेड चांगला येऊ दे. तुजा असा-तसा कसा काढू?" मग बाकाच्या दुसऱ्या टोकाकडं बघत म्हणाले, "उजेड तर तीच धरून उभी ऱ्हायची."

राग आला मला, आणि रडूही. निगेटिव्ह होत्या, त्या एका पावसाळ्यात दुकानात पाणी शिरून एकमेकींना चिकटून गेल्या. म्हणून हे अल्बम बघत फिरणं. कुठल्या तरी घरी, कुठल्या तरी फोटोच्या कडेला शकू राहून गेली असेल. एखादा तरी फोटो कापायचा चुकला असेल. पण भाऊंचा हात चुकणारा नव्हता ना! माझा अल्बम त्यांनी किती वेळा बघितला असेल, देव जाणे. दर वेळी मिटायचे आणि म्हणायचे, "लई सफाईनं कापायचो मी, मंदाताई." इतक्या वाईट तोंडानं स्वतःची तारीफ करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

गेल्या दिवाळीत मी भाऊबिजेला माहेरी, तलवाड्याला गेलते. घराला रंग द्यायचं चालू होतं. रंगवाल्याच्या हातून माझ्या लग्नाचा ग्रुप फोटो पडला आणि काच फुटली. हा फोटो म्हणजे माझ्या वडिलांनी भाऊंशी भांडून घेतलेली वेगळी प्रत. झालं असं होतं की, अल्बमातल्या फोटोत भाऊंच्या कटरनं माझ्या आत्याचं कोपर गेलं होतं. आत्या अशी की, तेवढ्यावरून माहेर तोडलं असतं तिनं. म्हणून वडिलांनी न कापलेला फोटो काढून घेतला आणि तलवाड्यातच फ्रेम करायला दिला. पुढं भाऊंच्या काय आणि माझ्या काय, ती प्रत डोक्यातूनच गेली.

काचा वेचताना मी फोटो उचलला तर तो एका बाजूनं जाड लागला. फ्रेमवाल्याला फोटो मोठा पडला असणार. त्यानं आत्याच्या कोपरापर्यंत ठेवून पुढची पट्टी मागं दुमडून टाकली होती. मी ती हळूच उलगडली आणि तशीच काचांमधे बसून राहिले. माझा भाऊ विचारतोय, "काय लागलं का गं?" मी आपली पदरानं फोटो पुसतेय.

दुसऱ्या दिवशी निघाले. फोटो साडीच्या घडीत. बीडच्या स्टँडवर गाडी बदलताना एका बाईनं पिशवी जरा खाली ठेवा म्हटलं, तर मी तिच्यावर खेकसले. बिचारी!

भाऊ बाकावर, आपल्या टोकाला. मी पट्टी दुमडलेलीच ठेवून फोटो हातात दिला. त्यांचा अंगठा सवयीनं कडेकडेनं निघाला. "गर्दी लई झाली ह्यात. अन् आत्याबाईचं कोपर..." तेवढ्यात मी पट्टी उलगडली. अंगठा कडेला येऊन थांबला.

शकूवहिनी. कमरेपासून वर, हातात पांढरी पाटी, डोक्यावरून घसरलेला पदर आणि तोंडभर हसू. दुमडल्याची पांढरी रेघ खांद्यावरून गेलेली, पण चेहरा लख्ख.

भाऊंनी फोटो दारातल्या उजेडाला नेला. मग म्हणाले, "कॅमेरा स्टँडवर व्हता. मी बाजूला उभा ऱ्हाऊन हात वर करायचो, इकडं बघा म्हणून. ती म्हणायची, तुमी हात वर केला की लई येड्यावानी दिसता." फोटो माझ्याकडं वळवला. "हे सगळे कॅमेऱ्यात बघतेत, मंदाताई. ही माझ्याकडं बघती."

खरंच की. वहिनींची नजर फोटोच्या बाहेर, कडेपलीकडं गेलेली होती.

मी डोळे पुसून म्हणाले, "आता नुसत्या वहिनी कापून घ्या आणि मोठा करा."

भाऊ फोटो घेऊन आत गेले. मी दुकानात येऊन बसले आणि सवयीनं बोट सुईपासून लांब धरलं. खच्च काही ऐकू येईना. शेवटी परत जाऊन बघितलं. कटरचा दांडा वर उचललेला आणि भाऊ तसेच उभे.

"न्हाई कापत," म्हणाले. "तुमच्या लग्नात बरी हसती. कापली तर एकटी पडंल."

आता माझं लग्न त्यांच्या स्टुडिओत लागलंय. माझे सासरे, मामा, कोपरासकट आत्या, सगळे. अनोळखी गिऱ्हाईक विचारतं, "हे तुमचे पाव्हणे का?" भाऊ बेधडक हो म्हणतात. अल्बम बघायला ते आता कुणाच्या घरी जात नाहीत. फ्रेम भिंतीच्या मधोमध लावलेली नाही, ते सांगायलाच नको. जरा सरकवून, बाकाच्या समोर आहे. पण फ्रेम फोटोच्या मानानं फारच मोठी केलीय. वहिनींच्या बाजूला हातभर कोरा पांढरा कागद सोडलाय.

परवा मी म्हटलंच, "भाऊ, सगळी गर्दी एकीकडं आणि इकडं एवढी जागा मोकळी? तुमच्या नियमात बसतं का हे?"

भाऊंनी बोटांची चौकट केली, एक डोळा मिटून बघितलं आणि माझ्या अडाणीपणावर "च्च" केलं.

"मोकळी कुटं हाय? तितं मी उभा हाय."