न थांबणाऱ्या गाडीचा तपास

यादोरावांच्या मते गोंदिया जिल्ह्यात गुन्हेगाराचं मन वाचू शकणारी दोनच माणसं होती. एक ते स्वतः. दुसऱ्याचा तपास अजून चालू होता. नजर घारीची, कान हरणाचे आणि नाक शिकारी कुत्र्याचं, अशी ते स्वतःची ओळख करून देत, आणि एवढं जंगल एका माणसात मावतं कसं हे समोरच्याने विचारायच्या आत पुढे सरकत. जंगलखात्याच्या नाक्यावर त्यांची हयात गेली होती. कुठून आला, कुठे चालला, पिशवीत काय, हे विचारायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. आता नाका नव्हता, म्हणून ते घरी आलेल्या पाहुण्यांना विचारत.

सुखराम त्यांचा सहायक. या पदासाठी त्याने अर्ज केला नव्हता, फक्त यादोरावांच्या बहिणीशी, वच्छलाशी, लग्न केलं होतं. बायकोचा थोरला भाऊ, त्यात राहणार भिंतीला भिंत लागून. त्याला नाही म्हणणं सुखरामला आजवर जमलं नव्हतं. मागे तलावावरची एक डोंगी हरवली तेव्हा यादोरावांनी त्याला दिवसभर चिखलात दबा धरून बसवलं होतं. संध्याकाळी डोंगीचा मालक त्याच डोंगीतून मासे घेऊन आला. 'माझ्या धाकाने मुद्देमाल परत आला,' असं म्हणून यादोरावांनी प्रकरण मिटवलं आणि सुखरामला आठवडाभर सर्दी झाली.

या वेळचं प्रकरण मात्र सुखरामच्याच घरचं होतं. बैलजोडी विकून त्याने एक जुनी पांढरी कार घेतली होती. गाडी उभी राही बैलांच्याच कोठ्यात. येत्या रविवारी त्याच गाडीतून सगळ्यांनी नवेगाव बांधहून चिचगडला जायचं होतं, रीताच्या लग्नाची तारीख काढायला. सुखरामची ही एकुलती एक लेक. ती आणि चिचगडचा हिमांशू गोंदियाला एकाच कॉलेजात होते, एकमेकांना पसंत होते, आणि घरच्यांनीही मान डोलावली होती. अडचण एवढीच, की हिमांशूचे वडील केवळराम शब्दाला पक्के, आणि शब्द चुकवणारा माणूस त्यांच्या मनातून उतरला की उतरला. मागच्या रविवारी सुखरामने एकदा शब्द चुकवला होता. पुन्हा चुकला तर सोयरीक मोडणार, ही त्याला धास्ती होती.

मागच्या रविवारी झालं ते असं. सगळे नटूनथटून गाडीत बसले, गाडी गावाबाहेरच्या वळणावर आली, सुखरामने ब्रेक दाबला. ब्रेक दगडासारखा कडक लागला, पण गाडीला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ती सरळ गेली आणि धानाच्या तणशीच्या ढिगात शिरून थांबली. कोणाला खरचटलंही नाही. वच्छलाच्या नव्या पातळातून मात्र चार दिवस तणीस निघत होती.

जागेश्वर मिस्त्रीने पुढची चाकं खोलली. आतली लोखंडी तबकडी तेलाने चकचकत होती, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड तेल पिऊन बसले होते. त्याने तबकडी घासून पुसली आणि पॅड नवे टाकले.

"आता थोडी करकरन," तो म्हणाला. "जुनी गाडी आहे जी. करकरली म्हंजे ब्रेक लागून राहिला, असा समजाचा."

गाडी सगळ्या गावाला ऐकवत घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुखरामने ती पुन्हा बाहेर काढली. आता ती जराही करकरत नव्हती. तिने मुकाट्याने यादोरावांचं कुंपण ओलांडलं आणि त्यांच्या न्हाणीचा तट्टा आडवा केला. यादोराव आत होते. डोळ्यांवर साबण आणि कमरेला पंचा, अशा अवस्थेत त्यांनी तपास हाती घेतला.

"जवाई," ते म्हणाले, "हा अपघात नोहोय. हा घातपात आहे. निशाना मी होतो."

जागेश्वर पुन्हा आला, गाडीखाली शिरला आणि डोकं खाजवत बाहेर निघाला. "ब्रेकऑईलची टाकी भरून आहे. पाइप कोरडा, सील कोरडी. हा तेल ब्रेकचा नाईच. बाहेरून कोनी तरी लावलन."

हे ऐकून यादोरावांचा चेहरा असा खुलला, की कुंपण मोडल्याचं दुःखही ते विसरले. त्यांनी पुन्हा नवे पॅड बसवून घेतले आणि कोठ्यावर पहारा नेमला. पहाऱ्याला त्यांनी सुखरामचे वडील, बिसराम बाबा, यांना निवडलं. बाबांनी जन्मभर बंडी हाकली होती, आणि बैल गेल्यापासून त्यांचा दिवस कोठ्यातच सरत असे.

"मामाजी, परका मानूस गाडीजवळ आला, का मले सांगा," यादोरावांनी बजावलं.

"सांगतो," बाबा म्हणाले.

पहिला संशय अस्वलावर होता. अस्वल मोहासाठी गावात येतं, त्याची लाळ चिकट असते, त्याने रात्री येऊन चाक चाटलं असावं. सुखरामने विचारलं, की अस्वल चारांतली पुढची दोनच चाकं का चाटेल? यादोरावांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "पोट भरलं असन त्याचं."

दुसरा संशय मोनूवर. मोनू काळीपिवळी जीप चालवायचा, आणि सुखरामने गाडी घेतल्यापासून त्याची चार गिऱ्हाइकं कमी झाली होती. यादोरावांनी त्याला भर स्टँडवर गाठून, कुठून आला, कुठे चालला, हे विचारलं.

"तुमची गाडी बंद पडली तर माझा फायदा आहे, हे खरं," मोनू म्हणाला. "पन भाऊ, तुमची गाडी बंद कुठं पडून राहिली? ते तर थांबूनच नाई राहिली."

यादोरावांना हे पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. ते घरी परतले तर गाडीचे ब्रेक पुन्हा गेलेले. कोठ्यात परका माणूस फिरकला नाही, अशी साक्ष बाबांनी दिली. शनिवार उजाडला होता.

वच्छलाने भावापुढे भज्यांची ताटली ठेवली. यादोरावांनी एका हाताने भजं तोंडात टाकलं आणि दुसऱ्या हाताचं चाकाला लावलेलं बोट नाकाशी नेलं. बराच वेळ ते डोळे मिटून हुंगत आणि चावत राहिले.

"वास ओळखीचा आहे," ते शेवटी म्हणाले. "म्हंजे गुन्हेगार ओळखीतला आहे."

"टोरीचा वास आहे तो, दादा," वच्छला म्हणाली. "मोहाच्या बियांचं तेल. तुम्ही खाऊन राहिले ते भजेही त्यातलेच."

"आनलं कुठून?"

"चिचगडून. व्याह्यांनी डबा धाडला नाई का."

यादोराव उठून उभे राहिले. त्यांच्या मते सगळं कसं जुळत होतं. तेल चिचगडचं, गाडी चिचगडला निघालेली, बिघाड बरोबर चिचगडच्याच वाटेवर. केवळरामांना ही सोयरीक नको होती, तोंडाने म्हणवत नव्हतं, म्हणून त्यांनी तेल पाठवलं. ते तेल डब्यातून चाकापर्यंत चालत कसं गेलं, हा किरकोळ तपशील यादोरावांनी पुढे पाहायचं ठरवलं.

"मामा, फोन नका लावू," रीता म्हणाली. "माझं लग्न आहे ते."

"तुझ्याचसाठी लावून राहिलो, बेटा."

सुखराम पुढे झाला. भाऊ, फोन ठेवा, हे शब्द त्याच्या जिभेवर आले आणि सवयीने तिथेच बसले. स्वतःच्या लेकीसाठी आपल्याला एवढंही तोंड उघडता येऊ नये, याची त्याला मनस्वी लाज वाटली. तोवर फोन लागला होता, तोही सगळ्यांना ऐकू येईल असा.

"केवळराम बोलून राहिलो," पलीकडून आवाज आला.

"तुम्ही धाडलेल्या तेलाबद्दल इचारायचं होतं," यादोरावांनी नाक्यावरच्या सुरात सुरुवात केली.

डबा बघायला आत गेलेली वच्छला याच वेळी धावत बाहेर आली. डबा जागेवर नव्हताच. "दादा, तोंड बंद ठेवा आन् कोठ्यात चला," ती म्हणाली, आणि बहिणीच्या त्या आवाजापुढे यादोराव हातातल्या फोनसकट निघाले.

कोठ्यात बिसराम बाबा चाकाशी उकिडवे बसले होते. शेजारी चिचगडचा डबा, हातात काडीला गुंडाळलेली चिंधी. चाकाच्या फटीतून ते आतल्या तबकडीला मन लावून तेल देत होते.

"बाबा, हे का करून राहिले?" सुखराम कसाबसा म्हणाला.

"चाक पहिलेपासून करकरते ना बा. तो मिस्त्री येते, पुसून जाते, का पुन्हा करकरते. मी पुन्हा देतो."

"मले काऊन नाई सांगितलं?" यादोराव ओरडले. "तुम्हाले पहाऱ्यावर ठेवलो होतो ना."

"परका आला तर सांगा म्हनला होता तू. परका कोनी आला नाई. मीच होतो." बाबांनी चिंधी डब्यात बुडवली. "करकरत्या बंडीत सोयरिकीले जात नाई कोनी. लोक म्हनतात, यायच्या घरी चाकाले तेल नाई, अशा घरची पोरगी कोन करन? माह्या नातीले कोनी असं म्हनाले नाई पायजे. म्हून चांगल्यातला तेल देल्लो."

सुखरामला रागवायचं होतं, पण त्याचे डोळे भरून आले. रीता आजोबांजवळ जाऊन मातीतच बसली. फोन अजून चालूच होता, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं.

"मंग उद्या येऊन राहिले का नाई?" फोनमधून केवळरामांनी विचारलं.

यादोराव काही बोलणार, इतक्यात सुखरामने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. "येऊन राहिलो जी," तो म्हणाला आणि यादोरावांकडे वळला. "आन् भाऊ, तुम्ही आता बोलू नोका." हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं आणि त्याचा त्यालाच धक्का बसला.

संध्याकाळी जागेश्वरने चाकं खोलली. तबकड्या घासायचं काम वच्छलाने यादोरावांकडे दिलं. पुरावा स्वतः तपासतोय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

रविवारी गाडी चिचगडला निघाली. प्रत्येक वळणाला ती अशी करकरली, की रस्त्याकडेची माकडं झाडावर चढली. पुढच्या सीटवर बिसराम बाबा डोक्यावरून दुपट्टा घेऊन मान खाली घालून बसले होते. केवळरामांच्या घरापाशी सुखरामने ब्रेक दाबला, गाडी जीव खाऊन किंचाळली आणि दारासमोर बरोबर थांबली. घरातलं झाडून सगळं माणूस आधीच बाहेर उभं होतं, हिमांशू सगळ्यांच्या पुढे.

"नाल्यापासून आवाज आला," केवळराम पुढे येत म्हणाले, "म्हटलं, आले आपले पाव्हने."

बाबांनी दुपट्टा बाजूला केला आणि त्यांचा हात धरला. "तेल नाई असं नोका समजू जी. तेल आहे. पोरगा देऊ नाई देत."

"मले मालूम आहे, मी फोनवर ऐकलो सगळं," केवळराम म्हणाले. हात न सोडता ते बाबांना आत घेऊन गेले, पाटावर बसवलं, आणि लग्नाची तारीख त्यांनाच विचारली.